नंदी किती सरकला? एका लेखकावरच्या छोट्या चरित्रपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. ज्या दिवशी तो रंकाळ्याच्या पाण्याला टेकेल, त्या दिवशी प्रलय. आजी हे सांगते, पोरगं एकदा नंदीकडे आणि एकदा पाण्याकडे बघतं आणि भेळ खायला पळतं.

ज्या लेखकावर आम्ही फिल्म केली, त्यांनी ही दंतकथा आधी फळ्यावर आणली. ते शहरातल्या एका पेठेतल्या शाळेत गणित शिकवायचे. गहू ६ मिलिमीटरचा धरा, तांदूळ ५ चा. म्हणजे नंदी रोज १ मिलिमीटर पुढे. पाणी १०० मीटरवर असेल तर प्रलयाला किती वर्षं? उत्तर येतं साधारण २७४. वर्गाचा जीव भांड्यात पडायचा. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "पण मास्तर, तांदूळ कुठला?"

याच प्रश्नातून मास्तरांची सगळ्यात गाजलेली बालकथा निघाली. लक्ष्मीपुरीतल्या एका हमालाचा पोरगा धान्याच्या दुकानापुढचं सांडलेलं झाडताना लांब दाण्याचे तांदूळ निवडून खिशात टाकतो आणि रोज संध्याकाळी एक दाणा नंदीपुढे ठेवतो. ७ मिलिमीटरचा तांदूळ ६ मिलिमीटरच्या गव्हाला भारी पडतो, नंदी मागे सरकायला लागतो. जग वाचतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. पोराची आजी आजऱ्याची. ती घनसाळ पाठवते, पण तो दाणा आखूड, नंदीच्या कामाचा नाही. म्हणून सुगंधी भात घरच्यांना आणि सांडलेला तांदूळ नंदीला, ही वाटणी मास्तरांनी इतक्या गंभीरपणे लिहिली आहे की वाचताना हसू येतं आणि मग येत नाही.

मास्तर जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून साडेतीन लाख जमवले आणि आमच्या पाच जणांच्या गटाला सांगितलं, मास्तरांवर फिल्म करा. माझ्याकडे पटकथा होती. ओळख पटू नये म्हणून इथे नावं, शाळा आणि नेमकी वर्षं गाळली आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे, आमची फजिती धरून.

पहिल्याच बैठकीत एकाने विचारलं होतं, "लेखकावरच करायची तर खांडेकरांवर करा की." प्रश्न रास्त होता. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरात आले, 'ययाति'ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, शिवाय स्वतः चित्रपटांसाठी लिहिलेला माणूस. पण साडेतीन लाखांत ययाति होत नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हाला तो नंदी हवा होता.

अडचण

माझा पहिला खर्डा म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातला पाहुण्यांचा परिचय होता. जन्म, शिक्षण, नोकरी, पुस्तकं, पुरस्कार, निवृत्ती. लेखक टेबलाशी बसलाय, खिडकीतून बघतोय, लिहितोय, पान फाडतोय. दिग्दर्शिकेने वाचून एवढंच विचारलं, "हा माणूस डोक्यात काय करतोय ते कुठं दिसतंय?"

लेखकावरच्या चरित्रपटाची मूळ अडचण ही. पैलवानावर फिल्म असेल तर खासबागेत कॅमेरा लावला की निम्मं काम झालं. लेखकाची कुस्ती दिसतच नाही.

तेवढ्यात आम्हाला एक प्रसंग सापडला. मास्तर गेल्यानंतर निघालेल्या स्मरणिकेत एका सहकाऱ्याने लिहिलं होतं की त्यांचा थोरला मुलगा ११ व्या वर्षी कावीळ होऊन गेला आणि दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मास्तरांनी ही नंदीची गोष्ट रचली. आम्ही उडालोच. पाऊस, पत्र्याचा आवाज, कॉट, मुलाची मूठ, मुठीत तांदळाचा दाणा. दुसरा खर्डा चार दिवसांत झाला. वाचन केलं तेव्हा वर्गणीदारांपैकी दोघांनी डोळे पुसले आणि फिल्म झाली असं आम्हाला वाटलं.

मग मी मूळ छापील कथा बघायला वाचनालयात गेलो, फक्त अंकाचं चित्र मिळतंय का म्हणून. दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे काढले. कथा मिळाली, नंदीचं रेखाचित्रही मिळालं. अंकावरचं वर्ष बघितलं आणि हातातला फोन तसाच राहिला. कथा मुलाच्या मृत्यूच्या तीन वर्षं आधी छापून आली होती. दवाखान्यात काही रचलं गेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात दिग्दर्शिकेच्या घरी आम्ही मुद्दाम 'फाइंडिंग नेव्हरलँड' पाहिला. २००४ चा, पीटर पॅनचे लेखक जे. एम. बॅरी यांच्यावरचा. बॅरी लंडनच्या बागेत एका विधवेला आणि तिच्या चार मुलांना भेटतात, मुलांबरोबर चाचे-चाचे खेळतात आणि त्या खेळातून नाटक उभं राहतं. शेवटी आई इतकी आजारी असते की तिला थिएटरात जाता येत नाही, म्हणून नाटकच तिच्या घरी येतं आणि ती दिवाणखान्यातून सरळ नेव्हरलँडमध्ये चालत जाते. आमच्या ध्वनिवाल्या पोराने चष्मा काढून पुसला. तो एरवी सिनेमात फक्त आवाज ऐकतो.

मग मी वही उघडली. नाटकाचा पहिला प्रयोग २७ डिसेंबर १९०४ चा. त्या मुलांचे वडील आर्थर तेव्हा हयात होते, ते १९०७ मध्ये गेले. आई सिल्व्हिया १९१० मध्ये. मुलंही चार नव्हती, पाच होती. चित्रपटाने नवऱ्याला आधीच मारलं आणि एक मुलगा गाळला.

"मग? बघताना काय अडलं तुझं?" कॅमेरामनने विचारलं.

काहीच नाही, हे मला कबूल करावं लागलं. पण नवरा जिवंत असताना एक प्रसिद्ध लेखक रोज त्या घरी येतो आणि मुलांच्या खेळाचा धनी होतो, ही जास्त अवघड आणि माझ्या मते जास्त चांगली गोष्ट होती. ती त्यांनी टाळली. पुढचंही टाळलं. त्या मुलांपैकी जॉर्ज १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला, मायकल १९२१ मध्ये ऑक्सफर्डजवळ बुडाला. नेव्हरलँडने त्यांना वाचवलं नाही.

एक गोष्ट मात्र बॅरींच्या बाजूने होती. त्यांचा थोरला भाऊ डेव्हिड १४ वा वाढदिवस तोंडावर असताना बर्फावरच्या अपघातात गेला. बॅरी तेव्हा सहा वर्षांचे. खचलेल्या आईसाठी भावाचे कपडे घालून, त्याच्यासारखी शीळ वाजवून दाखवणारा तो पोरगा. कधीच मोठा न होणारा मुलगा इथून आला, असं म्हणायला जागा आहे. तिथे दुःख आधी आणि गोष्ट नंतर. मास्तरांच्या बाबतीत क्रम उलटा होता, आणि आम्ही तो बॅरींसारखा करून घ्यायला निघालो होतो.

पर्याय तीन होते. पहिला, प्रसंग तसाच ठेवायचा. स्मरणिकेत छापलेलं आहे, कोण दिवाळी अंक उघडून बघणार? वर्गणीदारांचा कल इकडे होता, आणि रागावू नये, तो समजण्यासारखा होता. दुसरा, मृत्यूच गाळायचा. मास्तरांचे धाकटे चिरंजीव पुण्यात असतात, त्यांना हे हवं होतं. "बाबांच्या आयुष्यात पुरस्कार आहेत, शासनाचं पारितोषिक आहे, ते घ्या ना." तिसरा, क्रम खरा ठेवायचा. आधी गोष्ट, मग मृत्यू. पण मग पडद्यावर घडतं काय? गोष्ट छापून आली, तीन वर्षांनी मुलगा गेला, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पटकथेच्या भाषेत हे मेलेलं प्रकरण.

निर्णय कसा फिरला

निर्णय आम्ही घेतला असं म्हणणं धाडसाचं होईल. तो मास्तरांच्या थोरल्या लेकीने, आक्कांनी, एका वाक्यात घेतला. मी चाचरत तारखांचं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोष्ट आधीचीच. भाऊ गेल्यावर बाबांनी ती चार वर्षं सांगितली नाही. वर्गात कुणी मागितली तरी नाही."

माझ्या खर्ड्यात हे नव्हतंच. गोष्ट दुःखातून जन्मत नाही. ती गणितातून, मस्करीतून, मागच्या बाकावरच्या प्रश्नातून जन्मते. आणि मग एक दिवस ती सांगणाऱ्यालाच सांगता येईनाशी होते, कारण तिच्यातला पोरगा रोज एक दाणा ठेवून जग वाचवतो आणि आपल्याच्याने घरातला एक वाचला नाही.

मग आम्ही त्या चार वर्षांनंतरचे विद्यार्थी शोधले. मास्तरांनी गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, पण छापलेल्या शेवटाने नाही. तीन वेगवेगळ्या तुकड्यांतल्या तिघांनी तीन शेवट सांगितले.

पहिले, आता बँकेतून निवृत्त: पोराला ताप येतो, तीन दिवस दाणा चुकतो, नंदी तीन मिलिमीटर पुढे जातो आणि पुढे काय ते मास्तर सांगत नाहीत, घंटा होते. दुसऱ्या एक बाई: पोरगा येतच नाही, पण नंदीला त्याची सवय लागलेली असते, म्हणून तो जागचा हलत नाही, वाट बघत बसतो. तिसरे गृहस्थ, यांचं गुऱ्हाळ आहे, त्यांनी शेवट सांगण्याआधी डावा हात पुढे केला. ते वर्गात रोज गोष्ट मागायचे. एके दिवशी मास्तरांनी त्यांना छडी मारली, मास्तरांनी कुणाला मारलेलं वर्गाने पहिल्यांदा बघितलं. डाव्या हातावर, कारण उजव्याने लिहायचं होतं. पंधरा दिवसांनी मास्तर स्वतःहून गोष्ट सांगायला उभे राहिले, शेवटाला आले, खिशातून तांदळाची पुडी काढली आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक दाणा ठेवला. त्यांना डाव्या हातावर. पोरगा आता नाही, म्हणून आता तुम्ही.

तिघांचे शेवट जुळत नाहीत म्हणून कॅमेरामन वैतागला. दिग्दर्शिका मात्र खुश झाली. तीन वर्ग, तीन शेवट, मधे तोच माणूस वयाने वाढत जातो, ही रचना त्याच संध्याकाळी ठरली. दवाखान्याचा प्रसंग काढला. दोन वर्गणीदारांनी पैसे परत मागितले, एकाला दिले, दुसऱ्याची समजूत पटली.

काय केलं

नंदी हलताना दाखवायचा का? ॲनिमेशन करणाऱ्यांनी जो आकडा सांगितला त्यात आमची फिल्म दोनदा झाली असती. पैसे असते तर आम्ही नंदी हलवला असता आणि फिल्म बिघडवली असती, असं मला आता वाटतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच कॅमेरा तयार करून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावात एक मिलिमीटरसाठी एवढं अडून बसायचं नाही, असं ध्वनिवाला पोरगा म्हणाला आणि कॅमेरामनच्या मावशीच्या वडणग्याच्या घरी गेला. तिथे जुनं जातं होतं. जात्याची वरची पाळू काढून ती शहाबादी फरशीवर अगदी हळू, बोटभर सरकवली. खर्र असा जो आवाज आला तो त्याने रात्री दोन वाजता घेतला, कारण दिवसा म्हशी गप्प बसेनात. फिल्ममध्ये नंदी एकदाही हलत नाही. मास्तर फळ्याकडे तोंड करून आकडे मांडतात, खडू थांबतो आणि तो आवाज येतो. वर्गातली पोरं माना वळवतात. खरोखर वळवली त्यांनी, कारण चित्रीकरणाच्या वेळी आम्ही तो आवाज न सांगता वर्गाच्या मागून वाजवला होता.

रंकाळ्यावरचं काम पहाटेचं. उजाडलं की फिरायला येणारे, संध्याकाळी चौपाटीची गर्दी. तळ्यातला संध्यामठ पाण्याबाहेर दिसायला हवा म्हणून उन्हाळा धरला. बाकी चित्रीकरण नऊ दिवसांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मास्तरांच्या भूमिकेतले नट हौशी नाटकातले होते. त्यांना गणित येत नव्हतं, म्हणून फळ्यावरचा भागाकार पाठ करून घ्यावा लागला आणि तिसऱ्या टेकला त्यांनी उत्तर २४७ लिहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. संकलनात आलं.

हक्कांचं मात्र सांगितलं पाहिजे. नंदीची दंतकथा सगळ्या गावाची. पण हमालाच्या पोराची गोष्ट मास्तरांची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट वारसांकडे राहतो. आक्कांनी तोंडी परवानगी दिली होती, साखर घातलेलं दूधही दिलं होतं. आम्ही तेवढ्यावर शूटिंग उरकलं. वारस दोन होते.

परिणाम

रफ कट पुण्याला पाठवला. चिरंजीवांचा फोन आला. दुःखाची वर्षं त्यांनी मान्य केली, आवाज आवडला म्हणाले. हरकत एकाच गोष्टीवर. "बाबांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. छडीचा प्रसंग काढा, तरच सही." आम्ही सांगितलं, ज्यांना छडी बसली ते स्वतः सांगतायत. ते म्हणाले, माणूस साठ वर्षांनी काहीही सांगतो.

प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते. दिग्दर्शिका अडून बसायच्या बाजूने होती. मी सही घ्यायच्या बाजूने होतो, आणि वर्गणीदार माझ्या बाजूने. छडीचे एक मिनिट ४० सेकंद काढले. तांदळाच्या वाटपाचा प्रसंग राहिला.

४२ मिनिटांची फिल्म दसरा चौकातल्या एका सभागृहात दाखवली, खुर्च्या भरल्या, मागे माणसं उभी होती. नंतर काही शाळांनी मागून घेतली. दोन महोत्सवांनी नाकारली, त्यातल्या एकाने कारण कळवलं: चरित्रनायकाच्या आयुष्यात पुरेसा संघर्ष दिसत नाही. आक्का पहिल्या रांगेत होत्या. फिल्म संपल्यावर त्यांनी विचारलं, "जातं कुणाचं आणलं होतं?"

वेगळं काय करता आलं असतं

कागद आधी करायचे. दोन्ही वारसांची लेखी संमती, आणि तिच्यात पटकथेचा खर्डा जोडलेला, म्हणजे कशाला हो म्हटलंय ते दोघांनाही माहीत. शूटिंगनंतर सही मागायला गेलेला माणूस सौदा करू शकत नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं. आक्कांच्या घरी कागद काढायला संकोच वाटला, एवढंच.

तारखा आधी बघायच्या. मी अंक उघडला तो चित्रासाठी, हा निव्वळ योगायोग. स्मरणिकेतला लेख खोटं बोलत नव्हता. त्या सहकाऱ्यालाही तेच खरं असावंसं वाटत होतं जे आम्हाला वाटत होतं. मेलेल्या मुलातून गोष्ट जन्मली म्हटलं की मृत्यूला काहीतरी मोबदला मिळाल्यासारखं होतं. तसं लिहिलेलं दिसलं की आता मी आधी अंक काढायला जातो.

तिसरी गोष्ट छडीची. तेव्हा मला वाटलं, एक प्रसंग गेला तर गेला, रचना शाबूत आहे. शिवाय चिरंजीवांची भीती मला कळत होती. वडिलांची फिल्म एकदाच होते, आणि लोक घरी जाताना नेमकं छडीचंच बोलतील. दिग्दर्शिकेने सुचवलं होतं की त्यांची आणि गुऱ्हाळवाल्या काकांची गाठ घालून देऊ, दोघं समोरासमोर बोलतील. वेळ नाही म्हणून मीच ते टाळलं. पुणं काही लांब नव्हतं.

प्रदर्शनाच्या रात्री लोक पांगल्यावर ते काका दाराशी थांबले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. तांदळाच्या प्रसंगाला सभागृहात टाळ्या पडल्या होत्या, म्हणून मी हसतच पुढे गेलो.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "पर माझी छडी कुठं गेली?"

मी म्हटलं, काका, ते काढावं लागलं, घरच्यांची हरकत होती.

त्यांनी डावा तळहात उघडून स्वतःच बघितला.

"मग दाणा पण काढायचा हुता."